येथे पंक्चर काढून मिळेल

मराठी माणूस पंक्चर काढतो. हिंदी मुलखातला माणूस पंक्चर बनवतो. झाशीला एकदा एका दुकानावर ‘यहाँ पंचर बनता है’ अशी पाटी पाहिली आणि मी सायकलीवर नसतानाही दचकलो. बनवलेली पंक्चरे आम्हाला काय थोडी होती! आपली भाषा या बाबतीत अधिक सुसंस्कृत. दात काढावा, काटा काढावा, दृष्ट काढावी, तसे पंक्चर काढावे. वास्तविक पंक्चरवाला काहीच काढत नाही. उलट एक ठिगळ लावतो. पण आपली मायबोली उगीच बोलत नाही. त्यात काढायचे नक्की काय असते, हे समजायला मला चौदावे वर्ष उजाडावे लागले, आणि त्या शिकवणीची फी दुसऱ्याच कुणीतरी भरली. ते पुढे येईलच.

सायकलीबद्दल लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की मी पुण्यात वाढलो. आमच्या लहानपणी पुण्यात माणशी एक सायकल असे, आणि नसली तर ती पंक्चरवाल्याकडे असे. संध्याकाळी सायकल हातात धरून चालत येणारे गृहस्थ रस्त्यारस्त्यावर दिसत. ‘काय, पंक्चर?’ असे त्यांना विचारायचे. ते ‘नाही, फिरायला घेऊन निघालोय’ असे म्हणायचे. हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे, की तो शाळेत पाठांतराला असावा असे मला वाटे.

आता इतिहास. जगात पंक्चर नव्हते असा एक काळ होता. त्याला सत्ययुग म्हणायला हरकत नव्हती, फक्त त्या युगात सायकलीवर बसवत नसे. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये पायटे मारून चालवायची दुचाकी निघाली. तिची चाके लाकडी आणि त्यांवर बैलगाडीसारखी लोखंडी धाव. दगडी फरसबंदीवरून ती निघाली, की स्वाराचा प्रत्येक सांधा आपापली ओळख करून देई. इंग्रजांनी तिचे नाव ‘बोनशेकर’ ठेवले, म्हणजे हाडे खिळखिळी करणारी. इंग्रज सहसा स्पष्ट बोलत नाहीत, पण बुडाशी आल्यावर तेही बोलतात.

मग रबर आले. तेही सुखासुखी आले नाही. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होऊन वितळे आणि थंडीत तडकून फुटे. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर नावाच्या गृहस्थाने १८३९ साली रबरात गंधक घालून तापवले, तेव्हा कुठे ते माणसात आले. १८४४ साली त्याने पेटंट घेतले आणि १८६० साली डोक्यावर डोंगराएवढे कर्ज ठेवून तो वारला. आज त्याच्या नावाची मोठी टायर कंपनी आहे, पण ती निघाली १८९८ साली आणि तिच्याशी त्याचा किंवा त्याच्या घराण्याचा काही संबंध नव्हता. नाव तेवढे आदराने घेतले. आदर स्वस्त पडतो.

या रबराची भरीव धाव चाकांवर चढली. पुढचे चाक पुरुषभर उंच आणि मागचे बशीएवढे, अशा त्या सायकली आपण चित्रांत पाहिल्या आहेत. त्यांवरून पडायचे झाले तर थेट डोक्यावर, म्हणून १८८५ साली कॉव्हेन्ट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने दोन्ही चाके जवळजवळ सारखी आणि मधे साखळी, अशी आपल्या ओळखीची सायकल बाजारात आणली. पडण्याची उंची कमी झाली. पण मोठे चाक खड्ड्यावरून डौलात निघून जाई, लहान चाक प्रत्येक खड्ड्यात उतरून त्याची विचारपूस करू लागले. हाडे पुन्हा खिळखिळी! आता या चाकाखाली काहीतरी मऊ घालणे भाग होते.

ते मऊ काहीतरी चाळीस वर्षांपूर्वीच सापडून गेले होते, ही गंमत कुणाच्या ध्यानात नव्हती. १८४५च्या डिसेंबरात रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणाने हवेने भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. रबर लावलेल्या कापडाची नळी आणि तिच्यावर कातड्याचे वेष्टण, अशी त्याची रचना होती. त्याने ती घोडागाडीला लावली आणि १८४७ साली लंडनच्या रीजेन्ट्स पार्कात गाडी फिरवून दाखवली. गाडी हलकी चालली, आवाज होईना. घोड्याचे मत कुणी नोंदवलेले नाही, पण ते अनुकूल असावे. एवढे सगळे होऊन धंदा चालला नाही. रबर महाग, सायकल अजून जन्माला यायची होती, मोटारीचा तर पत्ताच नव्हता. थॉमसन पुढे दुसऱ्या उद्योगांना लागला आणि १८७३ साली वारला. लग्न ठरायच्या आधीच बँडवाला दारात येऊन वाजवून गेला, असा हा प्रकार.

दुसऱ्यांदा हवा भरली ती बेलफास्टमध्ये, आणि ती एका गुरांच्या डॉक्टरने. जॉन बॉइड डनलॉप. हाही स्कॉटिशच. त्याचा नऊदहा वर्षांचा मुलगा जॉनी तीन चाकांच्या सायकलीवरून दगडी रस्त्याने हिंडे आणि हादऱ्यांची तक्रार करी. आपल्याकडे अशा तक्रारीवर ‘मग चालत जा’ हा तयार उपाय आहे. डनलॉपने मात्र १८८७च्या अखेरीस एक लाकडी चकती घेतली, तिच्याभोवती रबराची नळी गुंडाळली, वर कापड ताणून खिळ्यांनी ठोकले आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग अंगणात एकदा मुलाच्या सायकलीचे भरीव चाक घरंगळत सोडले आणि एकदा हे. भरीव चाक वाटेतच आडवे झाले. हवेचे चाक अंगणाच्या टोकापर्यंत गेले आणि फाटकावर आपटून परत फिरले. १८८८ साली त्याला पेटंट मिळाले.

मला या हकिकतीत एकच गोष्ट खटकते. जगातला पहिला सायकलचा फुगीर टायर खिळ्यांनी ठोकलेला होता. पंक्चरचा नि खिळ्याचा ऋणानुबंध जुळायला एवढे पुरे होते.

लोकांनी अर्थातच चेष्टा केली. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम नावाचा स्वार हे लठ्ठ टायर लावलेली सायकल घेऊन उतरला, तेव्हा आधी हशा झाला. मग शर्यत झाली आणि हशा थांबला, कारण ह्यूम एकामागून एक शर्यती जिंकत सुटला. हार्वे दू क्रो नावाचे एक डब्लिनचे व्यापारी होते. त्यांची मुले पट्टीची सायकलपटू. मुले हरलेली पाहून बाप सहसा पंचाशी भांडतो. यांनी त्याच वर्षी टायरची कंपनी काढली! १८९० साली मात्र पेटंटाच्या कचेरीतून कळले, की थॉमसन नावाचा कुणी इसम हे सगळे १८४५ सालीच करून गेला आहे, सबब डनलॉपसाहेबांचे पेटंट टिकत नाही. डनलॉप काही वर्षांत कंपनीतून बाहेर पडला. १८९६ साली ती कंपनी तीस लाख पौंडांना विकली गेली, आणि विकत घेणाऱ्याने लगेच तीच कंपनी पन्नास लाखांची म्हणून लोकांपुढे मांडली. हवा भरण्याची विद्या टायरपुरती मर्यादित राहिली नव्हती. डनलॉपच्या वाट्याला मोठी संपत्ती आली नाही. त्याची दाढी मात्र कंपनीने व्यापारचिन्हावर छापली.

इथवर टायर झाला. पंक्चरचे काय?

पहिली एकदोन वर्षे पंक्चर म्हणजे आजारपण होते. टायर लोखंडी कडीला चिकटवलेला, त्यावर कापड गुंडाळलेले. काटा गेला की ते सगळे उकलायचे, आतली नळी शोधायची, ठिगळ लावायचे, पुन्हा सगळे चिकटवायचे आणि वाळायची वाट पाहत बसायचे. सायकलस्वाराने सोबत पंप ठेवण्याऐवजी अंथरूण ठेवणे सोयीचे झाले असते.

१८८९ साली फ्रान्समधल्या क्लेर्मों-फेराँ गावी असाच एक सायकलवाला आपला बसलेला टायर घेऊन एका रबराच्या कारखान्यात आला. कारखाना मिशलँ बंधूंचा होता. त्यांनी तीन तास खपून टायर उकलला, ठिगळ लावले, पुन्हा चिकटवला आणि रात्रभर वाळत ठेवला. सकाळी धाकटे बंधू एदुआर मोठ्या हौसेने त्या सायकलीवर बसले. काही शे मीटर गेले असतील नसतील, टायर पुन्हा बसला! दुसरा कुणी असता तर सायकलीला लाथ मारून घरी आला असता. एदुआरसाहेब मात्र दोन गोष्टी मनाशी घेऊन परतले. हवेवर चालणे ही स्वर्गीय गोष्ट आहे, आणि हा टायर काढता-घालता आला नाही, तर स्वर्गाची वाट पायी चालावी लागणार आहे.

पंक्चरच्या इतिहासातला खरा शोध मी हा समजतो. हवा कुणीही भरील. टायर उघडता यावा, ही अक्कल थोर. १८९० साली इंग्लंडात चार्ल्स किंग्स्टन वेल्चने टायरच्या दोन्ही कडांत न ताणणारी तार घातली. आपल्या साध्या सायकलीच्या टायरची कड चाचपून पाहा, ती तार आजही हाताला लागेल. तार ताणत नाही, म्हणून टायर कडीवरून निसटत नाही. मग तो काढता कसा येतो? तर कडीच्या मधोमध खोलगट पन्हळ असते. एका बाजूची तार त्या पन्हळीत ढकलली, की समोरच्या बाजूला बोटभर ढील मिळते आणि तिथून ती उचलून बाहेर काढता येते. ज्यांना हे ठाऊक नसते ते स्क्रूड्रायव्हर घालून टायरशी कुस्ती खेळतात आणि ट्यूबला दुसरे भोक पाडतात. मी ती कुस्ती अनेकदा जिंकलो आहे.

मिशलँ बंधूंनी १८९१ साली आपला काढता-घालता येणारा टायर केला. त्याच साली पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायची बाराशे किलोमीटरची शर्यत झाली. शार्ल तेराँ या स्वाराने ती सुमारे ७१ तासांत, दुसऱ्याला कित्येक तास मागे टाकून जिंकली. टायर मिशलँचे. पंक्चर त्यालाही झालेच, पण ते रस्त्यावर काढता आले. आता पुढची हकिकत बेताने वाचा. १८९२ साली मिशलँनी आपल्याच टायरांसाठी पॅरिस ते क्लेर्मों-फेराँ अशी शर्यत ठेवली. सगळ्यांचे टायर सारखे. मग त्यांचा गुण जगाला दिसणार कसा? म्हणून एदुआरसाहेबांनी वाटेत रस्त्यावर खिळे पेरवले! पंक्चर झाल्याशिवाय ते किती झटपट निघते हे लोकांना कळणार कसे?

आमच्या आळीत कुणालाही पंक्चर झाले, की पहिला संशय कोपऱ्यावरच्या दुकानदारावर जाई. ‘तोच टाकत असेल खिळे, रात्री’. हे सांगणाराने स्वतः कधी पाहिलेले नसे, पण त्याच्या मेहुण्याने पाहिलेले असे. मी हा निव्वळ कुजकटपणा समजत होतो. मिशलँची गोष्ट वाचल्यापासून मेहुण्याबद्दल माझा आदर वाढला. आणि या मंडळींचा बेडरपणा पाहा. १८९८ साली त्यांनी टायरांच्या वळ्यांचा बनलेला तो प्रसिद्ध गलेलठ्ठ बाप्या जाहिरातीवर आणला, तेव्हा त्याच्या हातात पेला दिला होता आणि पेल्यात होते खिळे आणि काचा! आमचा टायर रस्त्यातली विघ्ने पिऊन टाकतो, असे खाली म्हटले होते. विघ्ने पिणारा आणि पेरणारा एकच, असे खाली म्हटले नव्हते.

खिळे पेरण्याची कला पुढे फ्रान्समध्ये चांगली रुजली. तिथली देशभर फिरणारी मोठी शर्यत १९०३ साली सुरू झाली आणि १९०४ सालीच गावोगावच्या चाहत्यांनी दुसऱ्या गावच्या स्वारांच्या वाटेत खिळे टाकले. त्या काळचे स्वार जादा टायर खांद्यांवरून जानव्यासारखे घालून जात आणि पंक्चर स्वतः काढत. एकशेआठ वर्षांनी, १५ जुलै २०१२ रोजी, पिरेनीज पर्वतातल्या एका घाटमाथ्यावर कुणीतरी बारीक चुका टाकल्या आणि तीसएक स्वारांचे टायर एकदम बसले. आघाडीवर असलेल्या ब्रॅडली विगिन्सने बाकीच्यांना थोपवून मागे पडलेल्यांची वाट पाहिली. एवढे विज्ञान पुढे गेले, टायर कशाकशाचे झाले, आणि मुठभर चुकांनी जगातले शंभर-सव्वाशे तालेवार सायकलवाले घाटात थांबवले. मला हे वाचून समाधान वाटले हे कबूल करतो.

इथे थोडे न हसता सांगायला हवे. हवेचा टायर आला आणि जगाला रबर पुरेना. १८९०च्या दशकात आफ्रिकेत काँगोचा सारा मुलूख बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खाजगी मालकीचा होता. तिथल्या जंगलातल्या वेलींतून रबर काढून आणायची सक्ती गावागावांवर झाली. ठरलेले वजन भरले नाही तर बायकामुले ओलीस ठेवत, माणसे मारत, हात तोडत. १९०४ साली रॉजर केसमेंट या ब्रिटिश वकिलाचा अहवाल बाहेर आला तेव्हा युरोपला अधिकृतपणे कळले, आणि १९०८ साली राजाकडून तो मुलूख काढून घेतला गेला. तोवर पंधरा-वीस वर्षे युरोपातली मंडळी रविवारी सायकलीवरून सहलीला जात होती. बेलफास्टच्या जॉनीला हादरे बसू नयेत एवढ्यासाठीच हे सगळे सुरू झाले होते. त्या पोराचा काही दोष नव्हता.

आपल्याकडे डनलॉपने १९३६ साली बंगालात हुगळीकाठी साहागंजला टायरचा कारखाना घातला. स्वातंत्र्यानंतर सोनपत, लुधियाना अशा गावांतून सायकली बाहेर पडू लागल्या आणि पंक्चरवाला हा गावाचा बारा बलुतेदारांनंतरचा तेरावा बलुतेदार झाला. आमच्या आळीतल्या पंक्चरवाल्याला सगळे मामा म्हणत. एक लाकडी खोके, एक मोठा पंप, पाण्याने भरलेले घमेले, आणि खिळ्याला टांगलेल्या जुन्या ट्यूबा. एवढ्या भांडवलावर त्यांनी तीन मुली उजवल्या.

मामा सायकल आली की आधी टायरला हातच लावत नसत. बोट थुंकीने ओले करून व्हॉल्व्हच्या तोंडावर ठेवत. बुडबुडा आला, की ‘पंक्चर नाहीये, वालट्यूब गेलीये’ म्हणून दोन पैशांचा रबरी नळीचा तुकडा बदलून देत. त्या नळीचे काम फार साधे. पंपाची हवा ती फुगवून आत शिरते, आणि परत निघू लागली की नळीच आवळून तिची वाट बंद करते. नळी कुजली की हवा रात्रीतून पसार. निम्मी पंक्चरे या नळीत असतात. खिळे पेरणारा माणूस एवढे सांगेल का?

ते नसले तर मामा टायरची एकच बाजू उचलून ट्यूब बाहेर ओढीत, हवा भरून घमेल्यात बुडवीत. बुडबुडे निघाले तिथे कॉपिंग पेन्सिलने फुली. मग भोवतालची जागा पुसून, खरकागदाने घासून खरबरीत करायची आणि त्यावर सुलोशन लावायचे. सोल्यूशन हा शब्द रसायनशास्त्राच्या पुस्तकापुरता, दुकानात सुलोशनच. सुलोशन लावल्यावर लगेच ठिगळ चिकटवणे हा पोरकटपणा. त्यातले पेट्रोलसारखे द्रव्य उडून जावे लागते, मागे रबराचा पातळ पापुद्रा राहावा लागतो, आणि तेवढ्यासाठी थांबावे लागते. मामा त्या वेळात विडी ओढत. विडी संपली की सुलोशन वाळले. सुलोशनातून काय उडते याचा विचार करता आमची आळी अजून जागेवर आहे, हे एक नवलच! मग ठिगळ, वर हातोडीचे दोन हलके ठोके, शंखजिऱ्याची पूड, आणि ट्यूब आत.

हे सगळे मी दुकानाच्या फळीवर बसून शंभरदा पाहिले होते. तेव्हा १९६६ साली वडिलांच्या सायकलीला पंक्चर झाले, त्या संध्याकाळी मी जाहीर केले, ‘अप्पा, मी काढतो घरी. चार आणे वाचतील’. अप्पांना खडकीला नोकरी होती, आणि वाचणाऱ्या चार आण्यांना ते कधी नाही म्हणत नसत. ‘जमेल?’ एवढेच त्यांनी विचारले. मी शेजारच्यांकडून वाळत आलेले सुलोशन मागून आणले. आईच्या परातीत पाणी घेतले, त्याबद्दल बोलणी खाल्ली. पन्हळीचे रहस्य ठाऊक नसल्याने दोन चमचे वाकवले, त्याबद्दल पुन्हा खाल्ली. पण बुडबुडा सापडला, ठिगळ बसले, हवा भरली आणि सायकल ताठ उभी राहिली. रात्री मी दोनदा उठून टायर दाबून पाहिला. दगडासारखा होता. डनलॉपला अंगणात काय वाटले असेल, ते मला त्या रात्री समजले.

सकाळी साडेसहाला अप्पा गेले. संध्याकाळी नेहमीपेक्षा उशिरा, सायकल हातात धरून आले. ‘ट्यूब जुनी झालीये रे’, म्हणाले, आणि हातपाय धुवायला मोरीत गेले. दुसरे काही बोलले नाहीत.

मी सायकल मामांकडे नेली. मामांनी ट्यूब काढली, पाण्यात धरली. माझ्या ठिगळाला अगदी खेटून नवे भोक. ‘ठिगळ कुणी लावलं?’ मी अभिमान आणि भीती यांच्या मधल्या आवाजात सांगितले. ‘बरं लावलंयस’, म्हणाले. मग त्यांनी ती ट्यूब टायरवर आडवी धरली, व्हॉल्व्हपासून भोकापर्यंतचे अंतर बोटांनी मोजले, टायरवर त्या जागी खूण केली आणि कापसाचा बोळा घेऊन टायरच्या आतून फिरवला. खुणेपाशी कापूस अडकला. चिमट्याने त्यांनी बाभळीच्या काट्याचे टोक ओढून काढले. तांदळाच्या कणीएवढे. ते माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, ‘पंक्चर ट्यूबला नसतं रे, टायरला असतं. ट्यूबला नुसतं दिसतं. आधी हे काढायचं’.

तर काढायचे ते हे.

त्यानंतर मी बऱ्याच विद्या शिकलो. ट्यूबला रस्त्याच्या बाजूने भोक असेल तर टायरमध्ये काटा शोधावा. आतल्या, कडीच्या बाजूने असेल तर एखाद्या आऱ्याचे टोक वर आले आहे. शेजारी शेजारी जोडीने दोन भोके असतील तर काट्याचा दोष नाही, आपलाच आळस आहे. हवा कमी भरून आपण दगडावरून सायकल नेली आणि ट्यूब कडीत चिमटली. पंक्चर टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे टायरमध्ये पुरेशी हवा ठेवणे आणि आठवड्यातून एकदा तो फिरवून पाहणे, पण हे सांगणाऱ्या माणसाची गणना पहाटे उठा म्हणणाऱ्यांत होते. आमच्याकडे नदीकाठच्या पायवाटांवर सराटे असत. सराट्याचे फळ कसेही पडो, त्याचा एक काटा वर असतोच. त्याचे शास्त्रीय नाव ट्रिब्युलस. जुन्या रोमन लोकांत याच नावाचे चारटोकी लोखंडी काटे शत्रूच्या घोड्यांच्या वाटेत टाकत असत. थोडक्यात, मिशलँनी नवे काही केले नव्हते. सराट्यांसाठी मामा टायरच्या आत जुन्या टायरच्या कडा कापून एक जादा अस्तर घालून देत. सायकल जड होई, पण बापाने पाठीवर हात ठेवल्यासारखी निश्चिंत चाले. हल्ली आत एक द्रव सोडतात. भोक पडले की तो हवेबरोबर भोकाशी धावतो आणि तिथेच घट्ट होतो. माझ्या नातीच्या सायकलीत तो आहे. तिला पंक्चर झालेले कळतच नाही. मध्यंतरी भरीव टायरांची एक भाड्याची सायकल मी चालवून पाहिली. पंक्चरचे नाव नाही! घरी येईपर्यंत मणक्यांनी मला १८६०च्या दशकात नेऊन सोडले होते.

अप्पा गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. त्यांच्या हिशेबाच्या वह्या आमच्या माळ्यावर होत्या. गेल्या दिवाळीत घर साफ करताना १९६६ची वही हाताला लागली. रोजचा हिशेब, बारीक अक्षरात. दूध, भाजी, टपाल. त्या दिवसाची नोंद होती : ‘पंक्चर. चिरंजीवांनी घरी काढले. ०.००’. खाली दुसऱ्या दिवसाची : ‘पंक्चर, मामा, ०.२५. महिन्यातला तिसरा उशीर, अर्धा दिवस रजा मांडली. येताना चालत’. खडकी आमच्या घरापासून आठ किलोमीटर. चार आणे खिशात नसतील असे नाही. वाटेत पंक्चरवाले होते. पण वाटेतच काढून आणले असते, तर संध्याकाळी मला कळले असते.

त्याच्या खाली तिसऱ्या दिवसाला आणखी एक ओळ होती : ‘सुलोशन ट्यूब १, ठिगळे, खरकागद. चिरंजीवांसाठी. ०.७५’.

ती ट्यूब मला आठवते. पिवळी होती. माझ्या दप्तराशेजारी कुणी ठेवली ते मी त्या वेळी विचारलेही नव्हते. झाकण मी दुसऱ्याच दिवशी हरवले आणि आठवड्यात ती वाळून खडखडीत झाली. त्याची नोंद वहीत नाही.